गोठलेल्या कालव्यावरून बॅनबरीकडे

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांसाठीची लांबट बोट, घेऊन हिवाळ्यात निघायचं तर नकाशाच्या आधी एक यादी बघावी लागते. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ती दर वर्षी काढतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात कुठलं लॉक बंद, कुठल्या पुलाचं काम, कुठल्या टप्प्यातलं पाणी काढलेलं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली चर, आतलं पाणी वरखाली करून बोट एका पातळीवरून दुसरीवर नेणारी. उन्हाळ्यात सुट्टीच्या बोटींची रांग लागलेली असते, तेव्हा या कामांना हात लावायची सोय नसते. थंडी पडून वर्दळ ओसरली की लॉकच्या दोन्ही टोकांना फळ्या टाकून पाणी अडवतात, आतलं पाणी पंपानं उपसतात, अडकलेले मासे जाळ्यानं धरून दुसरीकडे सोडतात आणि मग माणसं तळाशी उतरतात.

लॉकची दारं बहुधा ओकच्या लाकडाची. अर्धं अंग सतत पाण्यात, अर्धं हवेत, त्यात बोटींचे धक्के, त्यामुळे साधारण २५ वर्षांत ती बदलावी लागतात. प्रत्येक लॉकचं माप थोडं वेगळं असल्यानं दार तयार मिळत नाही. वेकफील्डजवळ स्टॅन्ली फेरीला आणि वेस्ट मिडलंड्समध्ये ब्रॅडलीला कार्यशाळा आहेत, तिथे ते मापाबरहुकूम घडवतात. म्हणजे १७९० च्या आगेमागे बांधलेल्या लॉकला आतापर्यंत आठ-नऊ वेळा तरी नवी दारं बसली असणार. आठ-नऊ पिढ्यांच्या सुतारांनी तेच माप पुन्हा घेतलं असणार.

हे कळल्यापासून मला कालवे हिवाळ्यातच बघावेसे वाटतात. उन्हाळ्यात ते देखणे असतात, त्याबद्दल दुमत नाही. काठावर झुकलेले विलो, बोटींच्या टपांवर फुलझाडांच्या कुंड्या, पबबाहेरच्या बाकांवर गप्पा. पण त्या हिरवाईत कालवा आपसूकच तिथे आहे असं वाटत राहतं. पानं झडून गवत खाली बसलं की त्याचा सांगाडा दिसायला लागतो. हा भराव कुणीतरी माती वाहून घातला आहे, ही वीट कुणीतरी बसवली आहे, आणि आजही तो भराव खचू नये म्हणून कुणीतरी चिखलात उभं आहे. कालवा एकदा बांधला आणि झालं, असं कधी होतच नाही. दर हिवाळ्यात तो थोडा थोडा पुन्हा बांधावा लागतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई, पूर्वी माझ्याच ऑफिसात होत्या, निवृत्तीनंतर घर विकून नॅरोबोटीवर राहायला गेल्या. बोट ५७ फूट लांब आणि रुंदीला सात फुटांहूनही जराशी कमी, म्हणजे आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं. त्यांनी बोटीसाठी कायमची जागा घेतलेली नाही. अशा बोटींना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. बर्फ किंवा बंद लॉकमुळे अडकलं तर तेवढी सवलत मिळते. ज्यांना हिवाळाभर हलायचं नाही ते ट्रस्टला पैसे भरून हिवाळी जागा घेतात. बाईंना मात्र हलत राहायला आवडतं. जानेवारीत त्यांना ब्रॉन्स्टनहून बॅनबरीला जायचं होतं. वाटेत लॉक बरीच, आणि निसरड्या काठावर एकटीनं ती करणं धोक्याचं. आम्ही राहतो त्या कॉव्हेंट्रीहून ब्रॉन्स्टन काही लांब नाही, म्हणून आम्हा दोघांना, मला आणि माझ्या नवऱ्याला, बोलावणं आलं.

“गरम कपडे आणा, पण दोन-दोन मोज्यांचे जोड जास्तच आणा,” बाईंनी फोनवर बजावलं. “बोटीला थंडी चालते. माणसाचे पाय कोरडे राहायला हवेत.”

ब्रॉन्स्टन गाव टेकडीवर आहे आणि कालवा खाली. चर्चचं निमुळतं शिखर कालव्यावरून कितीतरी आधी दिसायला लागतं. या चर्चला कालव्यांचं कॅथीड्रल म्हणतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहणाऱ्या बोटवाल्यांची लग्नं, बारशी आणि दफनं इथेच व्हायची. ज्यांना गाव नव्हतं त्यांचं हे गाव. ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा इथे एकमेकांना मिळतात. त्या तिठ्यावर ओतीव लोखंडाचे जुळे पूल आहेत.

ऑक्सफर्ड कालव्याचा कायदा १७६९ चा. कॉव्हेंट्रीच्या बाजूचा कोळसा दक्षिणेला थेम्सपर्यंत न्यायचा हा उद्देश. आखणी जेम्स ब्रिंडलीची. त्यानंच आधी ब्रिजवॉटरच्या ड्यूकसाठी वर्स्लीच्या खाणीतून मँचेस्टरला कोळसा नेणारा कालवा काढला होता. १७६१ मध्ये तो सुरू झाला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. एका घोड्यानं रस्त्यावर ओढायचं ओझं आणि त्याच घोड्यानं पाण्यावर ओढायचं ओझं यांत इतका फरक पडला की सगळा देश कालवे खणायला लागला. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. त्याचा मेहुणा सॅम्युएल सिमकॉक यानं काम पुढे नेलं. पैसे संपले, काम थांबलं, पुन्हा पैसे उभे राहिले. १७७८ ला कालवा बॅनबरीला पोचला आणि ऑक्सफर्डला पोचला तो १ जानेवारी १७९० ला, ऐन थंडीत, जेव्हा कोळशाची गरज सगळ्यात जास्त होती.

ब्रॉन्स्टनपासून नॅप्टनपर्यंत लॉक नाही. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. मागे उघड्यावर उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. तासाभरात गुडघ्याखाली पाय आपले आहेत की नाहीत ते कळेनासं होतं, मग कुणीतरी आतून वाफाळता चहा हातात देतं आणि पाळी बदलते. पण नजर थकत नाही. पानगळ झालेल्या कुंपणांतून शेतं थेट क्षितिजापर्यंत दिसतात. हॉथॉर्नच्या लाल फळांवर उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातून आलेल्या फिल्डफेअर पक्ष्यांचे थवे. एक राखी बगळा आमच्या पुढे पुढे उडत होता. बोट जवळ आली की उडायचा, शंभरएक पावलांवर पुन्हा काठावर बसायचा, पुन्हा उडायचा. आपली हद्द संपली तशी शेतावरून मोठा वळसा घेऊन मागे गेला. खंड्या तर हिवाळ्यातच नीट दिसतो. उन्हाळ्यात झाडीतून नुसती निळी रेघ जाते; जानेवारीत तो उघड्या फांदीवर बसलेला सापडतो, छातीची नारिंगी पिसं फुगवून.

नॅप्टनला टेकडीवर पवनचक्की आहे आणि तिच्या पायथ्याशी लॉक सुरू होतात, माथ्यापर्यंत नऊ. आम्ही पोचलो तेव्हा दुपार असूनही सावलीतलं दव तसंच गोठलेलं होतं. लॉकच्या दाराला एक लांब जाड तुळई जोडलेली असते. तिला पाठ लावून ढकलायचं की दार फिरतं. तुळईवर पांढऱ्या बर्फाचे काटे उभे राहिलेले. आधी हातमोज्यानं ते झाडायचे, मग टेकायचं. पायाखाली अर्धवर्तुळात विटांच्या उंच कडा बसवलेल्या आहेत, ढकलताना टाच अडवायला. दोनशे वर्षांत टाचांनी त्या मधोमध झिजल्या आहेत. तिथे माझी टाच बरोबर बसली. ज्या बाया या कालव्यावर काम करत होत्या त्यांच्याही टाचा इथेच टेकल्या असतील, हा विचार तेव्हा आला आणि नंतर प्रत्येक लॉकला येत राहिला.

बोट खालून आत घ्यायची. मागचं दार लावायचं. मग विंडलास, म्हणजे काटकोनात वळवलेला लोखंडी हँडल, वरच्या झडपेच्या दंडावर बसवून फिरवायचा. दातेरी पट्टी एकेक दात वर चढते, खटक खटक आवाज येतो आणि जमिनीखालून पाणी आत घुसतं. झडप एकदम उघडायची नाही. अर्धी उघडून थांबायचं, बोट शांत झाली की पुढे. थंडीत ग्रीस घट्ट होतं, हँडल नेहमीपेक्षा जड लागतो, आणि मधेच हात सुटला तर गरकन फिरून मनगट मोडू शकतो. म्हणून खिट्टी पडली आहे ना हे दर वेळी बघायचं. बाई बोटीवर, सुकाणूपाशी. नवरा पुढच्या लॉकला आधीच चालत गेलेला. चर भरत येते, बोट वर येते, आधी टप दिसतं, मग बाईंची लोकरीची टोपी, मग चेहरा. दोन्हीकडचं पाणी समपातळीला आलं की दार आपण होऊन सैल पडतं. त्याआधी कितीही जोर लावा, तसूभर हलत नाही.

एक लॉक भरायला एक लाख लिटरहून जास्त पाणी लागतं. ते सगळं माथ्याच्या टप्प्यातून, म्हणजे कालव्याच्या सगळ्यात उंच सपाट भागातून, येतं, आणि बोट माथा ओलांडून पलीकडे उतरली की तिकडेही तेवढंच खाली जातं. एका बोटीमागे दोन लाख लिटर. माथ्यावर नदी नाही. तिथलं पाणी पावसाचं, बॉडिंग्टनसारख्या तलावांत हिवाळ्यात साठवलेलं. २०२५ मध्ये वसंत कोरडा गेला आणि उन्हाळ्यात पाण्याअभावी कितीतरी मैल कालवे बोटींना बंद करावे लागले. त्यामुळे इथल्या बोटवाल्यांकडून डिसेंबरच्या पावसाबद्दल तक्रार ऐकू येत नाही. तलाव भरायलाच हवेत.

चार वाजता अंधार पडायला लागतो. त्याच्या आत जागा बघून काठाला लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि बोट बांधायची. जमीन इतकी कडक की घणाचा पहिला घाव नुसता टणकन परत येतो.

आतल्या शेगडीबद्दल मात्र मला सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण हिवाळ्यात सगळी बोट तिच्या भोवती फिरते. बाईंची शेगडी लहानशी, ओतीव लोखंडाची, काचेचं दार असलेली, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात. ती ऑक्टोबरात पेटते ती एप्रिलपर्यंत विझत नाही. आजोळी पहाटे बंब पेटवणारी माझी आजी जशी जाळाच्या आवाजावरून लाकूड ओलं आहे की वाळलेलं ते सांगायची, तशा बाई दुसऱ्या खोलीतून शेगडीचा अंदाज घेतात. रात्री झोपण्यापूर्वी राख खाली पाडायची, पण सगळी नाही. कोळसा वरपर्यंत भरायचा, जरा पेटू द्यायचा, मग हवेची झडप अगदी केसभर ठेवून बाकी बंद. सकाळी सात वाजता आत लाल डोळा असतोच. झडप उघडली की पाच मिनिटांत धग. राखेचा डबा बाहेर नेऊन पूर्ण गार झाल्याशिवाय रिकामा करायचा नाही. छताजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, त्याचं बटण बाई रोज दाबून बघतात. हवेच्या जाळ्या थंडी लागते म्हणून बुजवायच्या नाहीत, हा नियम त्यांनी आम्हाला बोटीवर पाऊल ठेवताच सांगितला. बंद बोटीत पेटत्या शेगडीशेजारी झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, असं इथे घडलेलं आहे.

दुसरा शत्रू ओल. तिघांचा श्वास, चहाची वाफ, सुकत घातलेले मोजे, सगळं पाणी खिडकीच्या थंड चौकटीवर जमतं आणि ओघळतं. सकाळचं पहिलं काम फडक्यानं खिडक्या टिपणं. गादीखाली लाकडी पट्ट्या आहेत, खालून हवा खेळावी म्हणून. गॅसचं नळकांडं प्रोपेनचं, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं आणि नेमकं गोठलेल्या सकाळी दूध तापवता येत नाही. टपावरचे सोलर पॅनल या दिवसांत नावापुरते. बॅटऱ्या भरायला रोज इंजिन चालवावं लागतं. पाण्याची टाकी संधी मिळेल तिथे भरून घ्यायची, कारण काठावरचे नळ कधी गोठतील याचा नेम नसतो. संडासाची टाकीही त्याच हिशोबानं रिकामी करायची. कुणाला ही कटकट वाटेल. मला त्यात समाधान दिसलं. आपण किती पाणी वापरतो, किती उजेड, किती ऊब, हे रोज हातानं मोजून कळतं.

कोळसा बोटीनंच येतो. अजूनही काही जण जुन्या मालवाहू बोटी चालवतात आणि कोळशाच्या पिशव्या, डिझेल, गॅस घेऊन ठरावीक पाळीनं फिरतात. अशी एक बोट आम्हाला नॅप्टनच्या वर भेटली. ती शेजारी येऊन टेकली, चालवणाऱ्यानं विचारलं किती, बाईंनी बोटं दाखवली, पिशव्या या टपावरून त्या टपावर आल्या, डिझेलचा पाइप ओढला गेला, गप्पा पाण्याच्या पातळीच्या आणि पुढे कुठे बर्फ आहे याच्या. आता विकला जातो तो धूर न करणारा कोळसा. साध्या घरगुती कोळशाच्या विक्रीवर इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंदी आली. पण कोळशासाठी खणलेल्या या कालव्यावर अडीचशे वर्षांनी कोळसा पाण्यावरून दाराशी येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसाच्या हातांच्या भेगांत काळं मुरलेलं होतं. हिवाळ्यात बोटीवर राहणारे कित्येक म्हातारे लोक अशा फेऱ्यांवर अवलंबून असतात, आणि चार दिवस कुणाच्या धुरांड्यातून धूर दिसला नाही तर दार ठोठावून चौकशी करणारेही बहुधा हेच.

रेल्वे आली तशी कालव्यांची कमाई घटली. भाडी परवडेनात, गडी ठेवणं परवडेना, तेव्हा बोटवाल्यांनी बायकामुलांना बोटीवर आणलं. सगळं घर मागच्या केबिनमध्ये, लांबी सुमारे दहा फूट आणि रुंदी सातला कमी. बाकी बोट मालाची. शिरताना डाव्या हाताला शेगडी, मग कपाट, त्याच्या दाराचंच टेबल व्हायचं, आडव्या फळीचा रात्री पलंग. त्यात नवरा, बायको आणि मुलं. पाण्याच्या डब्यांवर, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, पितळेचे नग लखलखीत घासलेले. मुलं एका गावात दोन दिवस टिकत नसत, शाळा कुठली. या केबिनची नोंद आणि तपासणी व्हावी म्हणून १८७७ मध्ये कायदा करावा लागला. स्टोक ब्रूर्नला सिस्टर मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका दशकानुदशकं बोटवाल्यांची दुखणी बघत. मला या चित्रांतल्या गुलाबांबद्दल हळहळ वाटते. एवढ्या कष्टांत, काळ्या कोळशात, त्यांनी दिसेल तिथे फूल काढलं.

दुसऱ्या सकाळी खिडकीबाहेर पाणी हलत नव्हतं. रात्री आभाळ निरभ्र होतं आणि वारा पडला होता. कालवा काठापासून काठापर्यंत गोठला होता, बर्फ बोटाच्या पेराएवढा जाड. बाईंनी बोटहूकच्या टोकानं ठोकून बघितलं आणि म्हणाल्या, जाऊ. मात्र बॅनबरीच्या बाजूला जिथे फायबरच्या बोटी बांधलेल्या असतील तिथे बर्फ असला तर थांबू. पोलादी बोट बर्फ फोडत जाते तेव्हा फुटलेल्या तुकड्यांच्या धारदार कडा बाजूला ढकलल्या जातात आणि पातळ फायबरला भोक पाडू शकतात. आपल्या घाईपायी दुसऱ्याची बोट बुडू शकते, हे पाण्यावरच्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही.

बोट सुटली. तडा आमच्या पुढे धावत गेला, बारीक शिटीच्या आवाजात, थेट वळणापर्यंत, आणि काठाला आपटून परत आला. मग जड आवाज, पोलादावर बर्फाचे पत्रे घासत जाण्याचा. केबिनमध्ये बसलं तर बोलणं ऐकू येत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर काळ्या पाण्याची एक वाट, दोन्ही बाजूंना तिरपे उभे राहिलेले पांढरे तुकडे. पूर्वी यासाठी खास बोटी असत. घोड्यांची रांग पुढून ओढायची, आणि बोटीच्या मधोमध लावलेला लोखंडी कठडा धरून दहा-बारा गडी तिला डावी-उजवीकडे झुलवायचे, म्हणजे बर्फ रुंद फुटे. त्या थंडीत, ओल्या बुटांनी.

१९६२ च्या नाताळानंतर थंडी पडली ती १९६३ च्या मार्चपर्यंत हटली नाही. बर्फ फोडणाऱ्या बोटींचंही काही चालेना. कोळशानं भरलेल्या बोटी जिथल्या तिथे अडकल्या. फेरीवर मजुरी मिळणाऱ्या कुटुंबांची कमाई थांबली, आणि तोवर माल रस्त्यानं आणि रेल्वेनं जायला लागला तो परत आला नाही. राष्ट्रीयीकरण झालेल्या कालव्यांवरची सरकारी मालवाहतूक त्याच वर्षी बव्हंशी आटोपती घेण्यात आली. काही खासगी बोटी टिकल्या. अदरस्टोनहून लंडनजवळ साउथॉलच्या जॅमच्या कारखान्यात कोळसा नेणारी नियमित फेरी १९७० मध्ये थांबली; ब्रॉन्स्टनवरूनच ती जायची. धंदा आधीपासूनच खंगला होता हे खरं. तरीही एका हिवाळ्यानं इतक्या घरांचा निकाल लावला, हे ऐकताना पायाखालचा बर्फ वेगळा वाटतो.

माथ्याचा टप्पा सुमारे ११ मैलांचा. सरळ रेषेत तेच अंतर निम्म्याहूनही कमी आहे. वर्मलेटनच्या टेकडीला कालवा असा वळसा घालतो की तीच टेकडी आधी उजवीकडे, मग समोर, मग मागे दिसते. ब्रिंडली डोंगर फोडायला आणि दरी भरायला नाखूश असे. जिथवर जमीन एका उंचीची आहे तिथवर तिच्याच कडेनं जायचं, वळसा पडला तरी चालेल. उत्तरेकडचा भाग १८३० च्या दशकात नव्यानं सरळ केला आणि १४ मैल वाचवले. दक्षिणेकडे कुणी हात लावला नाही, म्हणून जमिनीचा मूळ चढउतार आजही या वळणांत वाचता येतो.

मी हडपसरची. मुठा उजवा कालवा आमच्या लहानपणाचा शेजारी. खडकवासल्याहून पाणी सुटलं की आवर्तन आल्याची बातमी सगळीकडे व्हायची, आणि भरल्या कालव्याच्या ओढीत कुणी उतरू नये म्हणून मोठी माणसं राखण करायची. तो कालवा शेतीचा, त्याला उतार हवाच. पाणी इंदापुरापर्यंत धावलं पाहिजे. इथला कालवा बोटींचा. त्याला वाहायचं नसतं. एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत पाणी थाळीत ठेवल्यागत सपाट, आणि उतार सगळा लॉकमध्ये गोळा केलेला. हे लक्षात आलं तेव्हा ११ मैल एकाच उंचीवर राहण्यामागची हुशारी मला खऱ्या अर्थानं कळली, तीही साखळ्या आणि साध्या पातळीयंत्रांच्या काळातली.

दोन्हीकडे एक भीती मात्र सारखीच. भराव कुठेतरी पाझरतो, माती वाहायला लागते, आणि मग तासाभरात भगदाड. इंग्लंडमध्ये तळाला आणि बाजूंना चिकणमाती पाणी घालून तुडवून तिचा थर देत, तोच आजही पाणी धरून आहे. झाडाचं मूळ, बिळं करणारं जनावर, तुंबलेली मोरी, यांतलं काहीही पुरतं. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात मुठा कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि वस्तीतले संसार वाहून गेले. उंदीर-घुशींनी भिंत पोखरल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डर्बीशरमध्ये कालव्याला पाणी पुरवणाऱ्या टॉडब्रुक तलावाच्या सांडव्याचं काँक्रीट उखडलं आणि व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे दीड हजार लोकांना घर सोडावं लागलं. २०२५ च्या पहिल्याच दिवशी, मुसळधार पावसानंतर, ब्रिंडलीच्याच ब्रिजवॉटर कालव्याचा भराव चेशरमध्ये वाहून गेला. ज्या गोष्टीकडे रोज कुणी बघत नाही ती अशी एका रात्रीत जाते, आणि खाली राहणाऱ्यांना कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून मला तळाशी उतरणाऱ्या माणसांबद्दल इतकं वाटतं. मागे एकदा ट्रस्टनं लोकांना बघायला म्हणून एक रिकामं लॉक खुलं ठेवलं होतं. हेल्मेट घालून, तात्पुरत्या जिन्यानं आम्ही खाली गेलो. वर असताना जे आठ-दहा फूट वाटतं ते खालून विहिरीएवढं खोल. भिंतींतून पाणी झिरपत होतं. बोटींच्या कडांनी दोन शतकं घासून विटांवर आडवे चर पाडले होते. मूळच्या लाल, हातानं थापलेल्या, जराशा वाकड्या विटा, आणि मधे मधे नंतर बसवलेल्या स्टॅफर्डशरच्या निळसर टणक विटा. कोणत्या काळात कुणी कुठे डागडुजी केली ते भिंतीवर वाचता येत होतं. वरच्या दाराखाली लॉकचा उंबरठा, दगडी, पुढे आलेला. उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर बोट पुढे कलून बुडते. क्लेडनची पाच लॉक उतरताना काठावर रंगवलेल्या पांढऱ्या रेषेच्या पुढेच बोट ठेवताना मला तो उंबरठा पाण्याखाली डोळ्यांसमोर दिसत होता. नवीन ओकच्या दाराचा तुरट वास, आणि गुडघाभर गाळात उभा राहून विटांच्या सांध्यांत चुना भरणारा एक पोरगा. विशी-बाविशीचा असेल. “हे पुन्हा बघायला मिळेल तेव्हा मी पंचेचाळिशीचा असेन,” तो म्हणाला.

बॅनबरीला कालवा एका मोठ्या मॉलच्या मधून जातो, आणि त्या काचेच्या इमारतीत टूली यांचं जुनं बोटींचं आवार तसंच राखलं आहे, १७९० च्या सुमाराच्या सुक्या गोदीसकट. आमच्या बोटीच्या पाण्यालगतच्या काळ्या रंगावर बर्फानं पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. बाईंनी हात फिरवून बघितलं. वसंतात थंडी सरली की बोट बाहेर काढून खरवडायची आणि डांबरी रंगाचे नवे हात द्यायचे, दोन-तीन वर्षांनी ते येतंच.

पैशांचा विषय तिथेच निघाला. २०१२ मध्ये कालवे सरकारी मंडळाकडून ट्रस्टकडे आले. २०२३ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०२७ पासून दहा वर्षं अनुदान दर वर्षी पाच टक्क्यांनी कमी होत जाईल. बोटींचं परवाना शुल्क वाढतं आहे, आणि २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना त्यावर जादा आकार आहे. बाईंना तो परवडतो. शेजारच्या बोटीवरच्या तरुण जोडप्याला ओढाताण करावी लागते, कारण भाड्याचं घर घेता येत नाही म्हणूनच ते पाण्यावर आलेत. मला हे धोरण चुकीचं वाटतं. कालव्याकाठी चालणारे, पळणारे, गळ टाकणारे लोक बोटवाल्यांच्या कितीतरी पट आहेत, आणि भरावाखालच्या घरांना तर तो भराव नीट राहण्याशीच मतलब. हा खर्च सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारनं, उचलायला हवा. दारं बदलायची एक फेरी चुकली तर ती रक्कम वाचत नाही, पुढे भगदाडाच्या रूपानं वाढून येते.

ट्रस्टचे स्वयंसेवक गट गावोगावी आहेत. कॉव्हेंट्रीच्या बाजूच्या गटात आम्ही नाव घातलं आहे. कुंपणं छाटणं, मोऱ्या साफ करणं, भरावावर उगवलेली रोपटी मुळं धरण्याआधी उपटणं ही हिवाळ्याची कामं. नवऱ्याला मार्चपासून तुळया रंगवायच्या कामावर जायचं आहे. त्या काळ्या असतात आणि टोकाला पांढऱ्या, संध्याकाळी उशिरा येणाऱ्या बोटीला दार उघडं आहे की बंद ते लांबून कळावं म्हणून.